जुनेपण कोठे वसते?

जुनी नगरे पाहावयास जाणाऱ्या माणसाच्या मनात एक हिशेब अगोदरच मांडलेला असतो. दगड किती शतकांचा, लाकूड किती पिढ्यांचे, भिंतीवरील रंग मूळचा की मागाहून चढविलेला, हे त्याला प्रथम जाणून घ्यावयाचे असते. आणि समोरची वास्तू अलीकडची आहे असे कळले की त्याचा चेहरा उतरतो. जपानच्या पश्चिम किनाऱ्याजवळ वसलेल्या कानाझावा या नगरात हा हिशेब फार लवकर बिघडतो. नगराच्या मध्यभागी उंच जोत्यावर उभा असलेला किल्ला दुरून पाहिला तर तीन-चारशे वर्षांचा भासतो. खाली तोमुरो डोंगरातून काढून आणलेल्या दगडांचे प्रचंड तट, वर शुभ्र भिंती, आणि शिशाच्या पत्र्याने मढविल्यामुळे हिमासारखी पांढुरकी दिसणारी छपरे. जवळ जाऊन फलक वाचावा तो कळते की हिशी-यागुरा हा बुरूज आणि त्याला लागून असलेली गोजिक्केन नागाया ही लांबलचक कोठाराची इमारत २००१ साली बांधून पुरी झाली आहे!

या किल्ल्याच्या नशिबी अग्नी फार आला. मुख्य मनोऱ्यावर १६०२ साली वीज पडली आणि तो जळाला. पुढे तो पुन्हा कधी उभारलाच नाही. १७५९ साली किल्ल्याचा बहुतेक भाग भस्मसात झाला, १८०८ साली राजवाडा जळाला, १८८१ साली जे उरले होते त्यातीलही बरेचसे गेले. १७८८ सालचा इशिकावा दरवाजा आणि १८५८ सालचे एक शस्त्रागार एवढेच काय ते ठळक असे जुने शिल्लक आहे. मधल्या काळात येथे सैन्याची छावणी होती, महायुद्धानंतर विद्यापीठ आले आणि १९९५ पर्यंत तेही येथून हलले. म्हणजे आज जो किल्ला आपण पाहतो त्याचे वय आपल्या घरातील एखाद्या तरुण मुलाएवढे आहे. मग येथे पाहण्यासारखे जुने काय, हा प्रश्न प्रवाशाने विचारला तर तो अगदीच गैर म्हणता येणार नाही.

परंतु हा किल्ला कसा बांधला हे ऐकले म्हणजे त्या प्रश्नाचे रूप पालटते. जपानात सिमेंट-काँक्रीटचे किल्ले थोडे नाहीत. ओसाकाचा मनोरा १९३१ साली आणि नागोयाचा १९५९ साली काँक्रीटमध्ये उभा राहिला, आणि दोन्ही दुरून सुंदरच दिसतात. कानाझावाच्या लोकांनी मात्र लाकडाचा सांगाडा लाकडाच्याच सांध्यांनी जोडावयाचा, जुन्या रीतीनेच भिंती लिंपावयाच्या, असे ठरविले. हिशी-यागुरा या नावाचा अर्थच शंकरपाळीच्या आकाराचा बुरूज. त्याचे कोपरे काटकोनात नाहीत. दोन कोन ८० अंशांचे आणि दोन १०० अंशांचे आहेत, आणि म्हणून आतले खांबही त्याच तिरक्या आकारात तासावे लागले. चौरस खांबाला सांधे पाडणे ज्या सुताराच्या हाताला सवयीचे, त्यालाही येथे प्रत्येक खाच नव्याने मनात मांडावी लागली असेल. आतमध्ये या सांगाड्याची एक दशमांश प्रमाणाची लाकडी प्रतिकृती ठेवलेली आहे, ती पाहताना ही अवघड विद्या थोडीबहुत ध्यानात येते. (वृद्ध व पंगू माणसांसाठी आत एक पाळणाही बसविला आहे. जुन्या काळच्या सरदाराला तो पाहून काय वाटले असते कोण जाणे. आम्हांस तो खटकला नाही.)

अशा गावाला जपानीत जोकामाची म्हणतात, म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याचे गाव. सामुराईंचे वाडे एका बाजूस, व्यापारी दुसऱ्या बाजूस, कारागिरांच्या आळ्या वेगळ्या, मंदिरे कडेला, अशी त्याची रचना असते. कानाझावा तर मुळात मंदिराच्या पायथ्याचे गाव. १५४६ साली या टेकडीवर बौद्धांच्या एका भक्तिपंथाचे मोठे मठ-मंदिर उभे राहिले आणि त्याच्या आश्रयाने पहिली वस्ती झाली. त्या पंथाच्या शेतकऱ्यांनी व भिक्षूंनी १४८८ पासून जवळजवळ शंभर वर्षे कागा प्रांत स्वतःच्या हाती ठेवला होता. १५८० साली त्यांचा पाडाव झाला आणि मंदिराच्या जागी किल्ला आला. १५८३ साली माएदा तोशिइए हा सरदार तेथे राहावयास आला, आणि पुढे जवळजवळ तीनशे वर्षे त्याचे घराणे तेथे नांदले.

या घराण्याची दौलत दहा लाख कोकूंची होती. एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ म्हणजे एक कोकू. शोगुनांच्या खालोखाल एवढे वैभव दुसऱ्या कोणा सरदाराकडे नव्हते आणि हेच त्यांच्या भयाचे कारण झाले. तोशिइएची विधवा मात्सू हिला १६०० साली एदोला ओलीस म्हणून जावे लागले, ती १६१४ पर्यंत परत आली नाही. १६३१ साली तिसरा अधिपती तोशित्सुने याने जळालेल्या किल्ल्याची डागडुजी काढली, तर तो बंडाची तयारी करतो आहे असा संशय एदोत उत्पन्न झाला. आपण निरुपद्रवी आहोत हे दाखविण्याकरिता हा तोशित्सुने नाकातील केस वाढवून वेड्यासारखा दरबारात बसत असे, अशी एक कथा तेथे आवडीने सांगतात. कथेचे खरेखोटे कसेही असो, या घराण्याने आपली संपत्ती शस्त्रांपेक्षा कलांवर उधळली, त्यात रसिकतेइतकाच सावधपणाचाही भाग होता, असे तेथील इतिहासकार सांगतात. भयापोटी केलेल्या दानाचे पुण्य किती, हा धर्मशास्त्रातील जुना वाद आहे. त्यात आम्ही शिरत नाही. शिवाय ते दान मुळात ज्याच्या शेतातून आले, त्या तांदूळ पिकविणाऱ्याचे नाव कोणत्याच भांड्यावर कोरलेले नाही, हेही खरे.

किल्ल्यात ओसाइकुशो नावाचा एक कारखाना होता. आरंभी तेथे शस्त्रांची दुरुस्ती होत असे. शांततेचा काळ लांबला तेव्हा तेच हात रोगणकाम, धातूचे नक्षीकाम, म्यानांची सजावट करू लागले. पाचवा अधिपती माएदा त्सुनानोरी याने या कारखान्याची घडी नीट बसविली, आणि आणखी एक विलक्षण गोष्ट केली. साऱ्या जपानातील कारागिरीचे नमुने त्याने गोळा केले: कागद, कातडी, वस्त्रे, दारांच्या मुठी, खिळे झाकण्याच्या फुल्या, रोगणाचे तुकडे. ते वर्गवारीने पेट्यांत व खणांत लावून ठेवले. या संग्रहास ह्याक्को हिशो म्हणतात. सतराव्या-अठराव्या शतकातील हा संग्रह आजही टिकून आहे. त्यातील वस्तू पाहिल्या म्हणजे मन थक्क होते. पण त्याबरोबरच एक शंका मनात येते. खणातील फुलीकडे पाहून तशी फुली करता येईल काय? ती कोणत्या उष्णतेवर तापविली, हातोडा कोठे थांबला, हे ती फुली सांगत नाही. त्सुनानोरी हे ओळखून असावा, कारण त्याने पेट्याही भरल्या आणि कारखानाही चालू ठेवला.

१८७१ साली सरदारांच्या दौलती खालसा झाल्या. त्याच सुमारास किल्ल्यातील कारखाना बंद पडला आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दरबारातून धान्य मिळत होते ते कारागीर बाजारात उभे राहिले. पेट्या सुरक्षित राहिल्या. हातांचे काय झाले, हा या नगराच्या पुढील दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

त्या इतिहासातील सर्वांत बोधक प्रकरण सोन्याच्या वर्खाचे आहे. कानाझावा या नावाचाच अर्थ सोन्याची दलदल; कोणी एक गरीब शेतकरी झऱ्यावर कंद धूत असता पाण्यात सोन्याचे कण चमकले, अशी त्यामागची दंतकथा. आज जपानात जो वर्ख होतो तो जवळजवळ सगळा, शंभरांत नव्याण्णव भाग, या एकाच नगरात होतो. शोगुनांच्या अमदानीत वर्ख करण्यावर कडक निर्बंध होते आणि कानाझावाचे लोक तो लपूनछपून करीत, असे परंपरा सांगते. १८०८ साली जळालेला राजवाडा पुन्हा बांधताना वर्ख मोठ्या प्रमाणावर लागला. त्यासाठी क्योतोहून जाणते आणविले गेले आणि ही विद्या येथे रुजली.

सोन्यात अल्पसे रुपे व तांबे मिसळून त्याची पट्टी लाटतात. मग कागदांच्या चळतीत घालून ती ठोकतात, तुकडे करतात, पुन्हा ठोकतात. यात दोन वेगळे धंदे आहेत. एक कारागीर सोने मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाइतके पातळ करून देतो. दुसरा ते तेथून दहा हजाराव्या भागापर्यंत नेतो. या मापाने दोन ग्रॅम सोन्याचा सुमारे एक चौरस मीटर वर्ख होतो. तो उजेडासमोर धरला तर पलीकडचे निळसर-हिरवे दिसते. त्याला बोट लावता येत नाही. बांबूच्या चिमट्याने उचलावयाचा, हलकी फुंकर घालून सपाट करावयाचा, बांबूच्याच चौकटीने कापावयाचा. धातूची सुरी त्याला चालत नाही. श्वास किती सोडावा याचेही तेथे शिक्षण असते.

आता यातील मर्म कोठे आहे? पाहणाऱ्याला वाटते, सोन्यात. थोडा विचार करणाऱ्याला वाटते, हातोड्यात. कारागीर मात्र कागदाकडे बोट दाखवितो. एंत्सुके या जुन्या पद्धतीत गाम्पी झुडपाच्या सालीचा हातकागद घेतात. तो पेंढ्याच्या राखेच्या खारात, काकी फळाच्या तुरट रसात आणि अंड्यात भिजवितात, पिळतात, वाळवितात, ठोकतात आणि पुन्हा भिजवितात. असे कित्येक महिने चालते. तो कागद जसा सिद्ध होईल तसा वर्ख पसरतो. सोने बाजारात मिळते. असा कागद मिळत नाही, तो ज्याचा त्यानेच करावा लागतो. वर्ख देवघरात झळकतो आणि कागद कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

हातोडा मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच यंत्राच्या स्वाधीन झाला. पूर्वी जो घाव दंडाच्या बळावर पडत असे तो विजेवर पडू लागला, आणि एंत्सुकेच्या अभिमान्यांनाही त्यात परंपरेचा भंग झाला असे वाटले नाही. पुढे १९६०च्या सुमारास दुसरी पद्धत आली. तीत हातकागदाऐवजी काजळी चढविलेला कारखानी गुळगुळीत कागद वापरतात आणि एकेक पान कापण्याऐवजी चळतच्या चळत एकदम कापतात. हा वर्ख स्वस्त पडतो. आज बहुतेक वर्ख असाच होतो. येथे विचार करणाऱ्याला थांबावेच लागते. दंड सोडला तरी परंपरा राहिली, कागद सोडला तर राहिली काय? जाणत्यांचे म्हणणे असे की दंडाचे काम बळाचे होते, कागदाचे काम विवेकाचे आहे. खार किती, ओल किती, हे ठरविणारी बुद्धी बोटांत असते. ती गेली की पुन्हा मिळविण्याची वाट नाही. म्हणूनच महत्त्वाच्या जुन्या मंदिरांच्या व मूर्तींच्या दुरुस्तीला एंत्सुकेचाच वर्ख मागवितात. २०१४ साली जपान सरकारने या पद्धतीला संरक्षण दिले आणि २०२० साली, लाकडी वास्तू जतन करण्याच्या इतर सोळा विद्यांबरोबर, तिचा युनेस्कोच्या यादीत समावेश झाला.

येथील जुन्या चहागृहांच्या आळीत दुधाच्या गोठविलेल्या मिठाईवर वर्खाचे एक अख्खे पान चिकटवून प्रवाशांना देतात. लोक त्याची छायाचित्रे काढतात, मग ते खातात. वर्खाला चव नसते. आम्हांस प्रथम हे पाहून वाईट वाटले. देवाच्या अंगावर चढणारी वस्तू ही, जिभेवर विरघळते कशी! पण आपल्याकडे मिठाईवर चांदीचा वर्ख लावतातच की. आणि ज्या नगरातील वर्ख देवघरांसाठी पूर्वीइतका खपत नाही, त्या नगराने तो मिठाईवर खपविला तर त्याला हसण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.

युझेन या रंगविलेल्या रेशमाविषयी थोडेसेच सांगतो. मियाझाकी युझेन-साइ हा क्योतोचा पंखे रंगविणारा कलावंत उतारवयात कानाझावाला आला आणि १७३६ साली तेथेच वारला. त्याच्या नावाने चालणाऱ्या कागा-युझेनमध्ये निळा, किरमिजी, गेरूसारखा पिवळा, गवती हिरवा आणि जांभळा असे पाच मुख्य रंग. क्योतोच्या वस्त्रांवर असते तशी जर व भरतकाम यात सहसा नाही. पान रंगविताना त्यावर किडीने पाडलेले भोकही रंगवावयाचे, ही येथील खास रीत. निर्दोष पानापेक्षा किडलेले पान खरे, असा त्यांचा कौल दिसतो. परंतु आम्हांस सर्वांत चटका लावून गेली ती पहिली रेघ. आपल्या शेताच्या बांधावर पावसाळ्यात उगवणाऱ्या केन्याच्या जातीचे एक निळे फूल असते, त्याच्या रसाने रेशमावर चित्र रेखाटतात. त्या रेघेवरून तांदळाच्या खळीची बारीक धार सोडतात, म्हणजे एक रंग दुसऱ्यात पाझरत नाही. रंग भरून झाले, वाफ दिली, की वस्त्र वाहत्या पाण्यात धुतात. पूर्वी आसानो नदीत धूत. त्या पाण्यात खळ जाते आणि ती निळी रेघही जाते. जिने सगळे चित्र पेलले ती रेघ चित्रात कोठेच नसते.

या सगळ्याचा मूळ प्रश्नाशी संबंध कसा, ते आता सांगितले पाहिजे. जुनेपण द्रव्यात असते असे मानले तर २००१ सालचा किल्ला नवा आहे आणि विषय संपला. पण जपानातच इसे येथील महामंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या लाकडाने पुन्हा बांधतात. रात्रीच्या वेळी देवता नव्या वास्तूत नेतात आणि जुनी वास्तू उतरवितात. २०१३ साली बासष्टावी खेप झाली. पुढची २०३३ साली आहे. त्या मंदिरातील लाकूड वीस वर्षांहून जुने नसते आणि तरीही हजार-बाराशे वर्षांचे मंदिर म्हणून लोक त्याला नमस्कार करतात. हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या शास्त्रातही जीर्णोद्धाराच्या वेळी मूर्तीतील देवकला कलशात घेतात, बालालयात तिची पूजा चालू ठेवतात आणि नव्या वास्तूत पुनःप्रतिष्ठा करतात. सोळाव्या शतकात साष्टीतून नदीपार अंत्रूजला आलेल्या दैवतांची मूळची देवळे जमीनदोस्त झाली. कुठ्ठाळीचा मंगेश आज प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आहे. त्या देवस्थानांचे जुनेपण तेथल्या चिऱ्यांच्या वयावरून कोणी ठरवीत नाही. ते सेवेच्या अखंडपणात आहे असे आपण सहज म्हणतो.

मात्र एवढ्यावर समाधान मानणे सोपे आहे, आणि म्हणूनच सावध राहिले पाहिजे. द्रव्याला काहीच किंमत नाही असे म्हटले तर कोणतीही जुनी भिंत पाडण्यास शास्त्राधार मिळेल. होर्यू-जी मंदिराच्या सुवर्णगृहातील प्राचीन भित्तिचित्रे १९४९ च्या जानेवारीत आगीत होरपळली. ती चितारणारे हात बाराशे वर्षांपूर्वी गेले होते. त्यांची विद्या कोणाकडे अखंड चालत आलेली नव्हती. तेथे जे गेले ते गेलेच. त्या धक्क्यातून जपानने १९५० साली सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला, आणि त्यात वास्तू व वस्तू यांच्या जोडीला हस्तविद्येलाही ठेवा मानले. म्हणजे जेथे हात जिवंत आहे तेथे वस्तू पुन्हा होऊ शकते, जेथे हात मेला आहे तेथे उरलेल्या वस्तूला प्राणापलीकडे जपले पाहिजे. हा भेद न ओळखता नवे करण्याचा उत्साह आणि जुने कवटाळण्याचा हट्ट, दोन्ही आंधळे.

परंतु विद्या हाच ठेवा असे एकदा म्हटले की त्याच्या पोटातून एक कठीण प्रश्न निघतो, आणि आमच्या मते खरा नैतिक प्रश्न तोच. दगड जपावयाचा तर कुंपण घालून भागते. विद्या जपावयाची तर कोणातरी जित्या माणसाने आपले उभे आयुष्य तिला दिले पाहिजे. ते कोणी द्यावे? आपण प्रवासी म्हणून जातो, कागद भिजविणाऱ्या म्हाताऱ्याकडे कौतुकाने पाहतो आणि त्याचा मुलगा तोक्योला कचेरीत नोकरी करतो असे ऐकले की हळहळतो. त्या हळहळीत एक लबाडी दडलेली आहे. आपला मुलगा मात्र कचेरीतच जावा असे आपल्याला वाटत असते.

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर जन्माने दिले जात असे: सुताराचा मुलगा सुतार आणि कासाराचा कासार. त्या व्यवस्थेने विद्या टिकविल्या हे नाकारण्यात अर्थ नाही, पण कोणत्या किमतीवर हेही आता आपण जाणतो. आणि ज्यांनी ती किंमत मोजली त्यांनी ती पुन्हा मोजावी असे सांगण्यास कोणाचीही जीभ धजावू नये. जपानातही बापाचा धंदा मुलाने चालविण्याची रीत घट्ट होती. म्हणून कानाझावाने पुढे काय केले ते पाहण्यासारखे आहे. महायुद्ध संपून फार काळ लोटला नाही तोच, देशात अन्नाची टंचाई असता, या नगराने १९४६ साली कला व हस्तव्यवसायांची शाळा उघडली. नगरावर बाँब पडले नव्हते, म्हणून घरे उभी होती; पण पोटे रिकामीच होती. पुढे १९८९ साली उतात्सू टेकडीवर नगरपालिकेने एक कर्मशाळा स्थापिली. मातीकाम, रोगणकाम, रंगकाम, धातुकाम व काचकाम शिकू इच्छिणाऱ्या तरुणांना तेथे दोन-तीन वर्षे राहून शिकता येते, आणि त्यासाठी नगर त्यांना वेतन देते. त्यांचा बाप कोण होता हे कोणी विचारीत नाही. किल्ल्यातील जुन्या कारखान्याचेच हे पुनरुज्जीवन, असे ते म्हणतात; फक्त सरदाराच्या जागी करदाते नागरिक आले.

राष्ट्रीय पातळीवर १९५५ पासून श्रेष्ठ कारागिरांना विद्येचे धारक म्हणून मान्यता मिळू लागली. लोक त्यांना जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणतात. पहिल्याच वर्षीच्या यादीत कागा-युझेनचे किमुरा उझान आणि कानाझावात जन्मलेले रोगणचित्रकार मात्सुदा गोन्‌रोकू होते. अशा धारकाला सरकार दर वर्षी वीस लाख येन देते, ते विद्या वाढविण्यासाठी व शिष्य तयार करण्यासाठी. मान विद्येचा आहे. माणूस तिचे पात्र. तो वारला की ती मान्यता त्याच्या मुलाकडे जात नाही. ही योजना उदात्त आहे यात शंका नाही. तरी वीस लाख येनांनी कोणी वर्ख विकत घेत नाही. घरोघरीची बौद्ध देवघरे लहान होत चालली, नव्या घरांत ती ठेवावयास जागा नाही, किमोनो लग्नाकार्यापुरता उरला. आणि देवघर व किमोनो हीच तर वर्खाची व युझेनची खरी शेते. मानपत्राने शेत पिकत नाही. ज्या समाजाला एखादी वस्तू हवी असते तोच समाज ती करणाऱ्याला जगवितो. नुसत्या कौतुकाला वस्तू नकोच असते, तिला फक्त ती असल्याचे समाधान हवे असते.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा देवस्थानांच्या कारभाराशी संबंध येतो, म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. आपल्या जुन्या देवळांच्या चुन्याच्या गिलाव्यावर कावेची तांबडी नक्षी असे. ओल्या गिलाव्यावर काव चढवून ती कोरीत आतला पांढरा चुना उघडा करीत. जीर्णोद्धाराच्या नावाने ती खरवडून तेथे गुळगुळीत फरशी बसविल्याची उदाहरणे ज्याला त्याला आपापल्या गावात आठवतील. फरशी धुवावयास सोपी, हे खरे. आणि समितीच्या सभासदांचा भाव वाईट नसतो. पण त्या सभेत खर्चाचा, मुहूर्ताचा, देणगीदारांच्या नावाच्या पाटीचा विचार होतो. हे काम करणारा मेस्त अजून आहे काय, असेल तर त्याच्या हाताखाली दोन मुले दोन वर्षे ठेवून त्यांना वेतन देता येईल काय, हा विषय कार्यपत्रिकेवर आल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. देवाच्या कलेसाठी कलश मांडणारे आपण; हाताच्या कलेसाठी कलश कोठला?

१ जानेवारी २०२४ रोजी, म्हणजे जपानच्या नववर्षाच्या दिवशी, कानाझावाच्या उत्तरेस नोतो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला. वाजिमा हे रोगणकामाचे सुप्रसिद्ध गाव. उरुशी झाडाचा चीक शंभरांहून अधिक पायऱ्यांनी लाकडावर चढविण्याची विद्या तेथे आहे. तेथील सकाळच्या बाजाराची आळी त्या रात्री आगीत गेली आणि कारागिरांची घरे, कर्मशाळा, हत्यारे गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात पूर आला. काही कारागीर कानाझावात व इतरत्र तात्पुरत्या जागी बसून काम करू लागले. कानाझावाच्या किल्ल्याच्या नव्या लाकडी इमारती उभ्याच राहिल्या. शतकांचे जुने दगडी तट मात्र काही ठिकाणी ढासळले. कोसळलेला प्रत्येक दगड आपल्याच जागी परत जावा अशी तेथील रीत आहे, आणि त्यासाठी जुनी छायाचित्रे व दगडांवरील पाथरवटांच्या खुणा पडताळून पाहतात.

हे काम किती सावकाश चालते याची कल्पना दक्षिणेकडील कुमामोतो या दुसऱ्या किल्ल्याच्या गावावरून येते. तेथील तट २०१६ सालच्या एप्रिलात भूकंपाने कोसळले. मुख्य मनोरा २०२१ साली पुन्हा उघडला. पण सगळे तट पूर्ववत् होण्यास २०३७ साल उजाडेल असे प्रथम ठरले होते, ते पुढे २०५२ वर नेले. पैशाची अडचण आहेच. पण दगडावर दगड जुन्या रीतीने बसवू शकणारे पाथरवट थोडे आहेत, आणि नवे तयार होण्यास वर्षे लागतात. शेवटचा दगड जे बसवितील त्यांच्यापैकी कित्येकांनी अजून छिन्नी हातात धरलेली नाही.